विरलेली चादर, फाटकी जीन्स आणि इतर : घरगुती पुनर्वापराच्या प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

कपाटातील आणि माळ्यावरील जुने कापड एकदाचे खाली काढले. चादरी, सदरे, जीन्स, टी-शर्ट, टॉवेल, स्वेटर आणि काड्या मोडलेली एक छत्री असा हा ढीग आहे. कामाला हात घालण्यापूर्वी दोन अटी ठरवून घेतल्या. दोरा आणि सुया यांखेरीज नवीन काहीही आणायचे नाही, ही पहिली अट. दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे : जी वस्तू घरात खरोखर हवी आहे, तीच करायची. जुन्या कापडापासून काय काय करता येईल, असा विचार करू लागले की शोभेच्या वस्तूंची रांग लागते आणि वर्षभराने त्याच वस्तू माळ्यावर जातात. म्हणून आधी घरातील गरजांची यादी केली : अंथरायला एक चादर, सामान आणण्यासाठी मजबूत पिशवी, गरम भांडी धरण्यासाठी जाड फडकी, स्नानगृहाबाहेर पायपुसणे आणि खुर्च्यांच्या पायांना खाली लावायला काहीतरी मऊ.

कपड्यांची वर्गवारी प्रकारानुसार न करता कापड कशाचे आहे आणि त्यात किती जीव उरला आहे, यानुसार केली. जीव पाहण्याच्या दोन परीक्षा आहेत. कापड खिडकीसमोर उजेडात धरले की विरलेला भाग जाळीसारखा दिसतो. त्यानंतर दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड आधी उभे आणि मग आडवे ताणायचे. धागे सरकू लागले किंवा बारीक चर्र असा आवाज आला, तर ते कापड शिवणीचा ताण सोसणार नाही आणि त्याची जागा पुसण्याच्या फडक्यांमध्ये आहे.

धाग्याची जात ओळखण्यासाठी शिवणीच्या आतून दोन-चार धागे काढून, ते चिमट्यात धरून, मोरीत स्टीलच्या थाळीवर जाळून पाहिले. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ करडी राख मागे ठेवतो. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत दूर नेली की ती आपोआप विझते आणि उरलेला काळा गोळा बोटांनी चुरडला जातो. पॉलिस्टर आधी आक्रसते, मग वितळते आणि त्याचा कडक मणी तयार होतो. मिश्र कापडात राखही दिसते आणि खडाही लागतो. ही परीक्षा केवळ कुतूहलाची नाही, कारण तापलेल्या भांड्याजवळ जाणाऱ्या वस्तूत पॉलिस्टर वापरले तर ते वितळून हाताला चिकटू शकते.

६ जानेवारी

दिवस उसवण्यात गेला. साध्या शिवणीत एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापायचा आणि उलट बाजूचा दोरा ओढायचा, म्हणजे तो सलग निघून येतो आणि कापडाला धक्का लागत नाही. ओव्हरलॉकची, म्हणजे कापडाची कापलेली कड दोऱ्यांनी गुंफून टाकणारी शिवण उसवण्यात मात्र अर्थ नाही. तिच्यात तीन-चार दोरे गुंतलेले असतात आणि वाचणारे कापड जेमतेम बोटभर असते. तेथे शिवणीला लागून सरळ कात्री चालवावी.

जीन्सच्या पायाच्या दोन शिवणींपैकी एक बहुधा दुहेरी दुमडून दोन टिपांनी बंद केलेली असते. ही दुमडशिवण उसवली नाही. तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटर कापड ठेवून लांब पट्टी कापून घेतली, कारण एवढी जाड आणि पक्की पट्टी घरच्या मशीनवर नव्याने शिवायची म्हटली तर सुईचे हाल होतात. पिशवीचे बंद असे आयतेच मिळाले.

चेन त्यांच्या कापडी पट्टीसह काढल्या. गुंड्या संचानुसार दोऱ्यात ओवल्या. सदऱ्याच्या आतल्या बाजूला, खालच्या टोकाशी किंवा धुलाईच्या चिठ्ठीवर, बऱ्याचदा एखादी जादा गुंडी शिवलेली असते. ती विसरू नये.

१० जानेवारी

या प्रकल्पातील सर्वांत समाधानाचे काम चादरीचे ठरले, म्हणून त्याची नोंद सविस्तर करतो.

चादर सगळीकडे सारखी झिजत नाही. अंगाचा भार आणि घासणे मधल्या पट्ट्यावर पडते, तर गादीखाली खोचल्या जाणाऱ्या कडा वर्षानुवर्षे जवळपास नव्यासारख्या राहतात. उजेडात धरल्यावर या चादरीचा मध्य पारदर्शक झालेला आणि दोन्ही कडा दाट असलेल्या स्पष्ट दिसल्या. यावरचा जुना उपाय असा की चादर मधोमध उभी फाडायची, बाहेरच्या कडा आत आणून एकमेकींना जोडायच्या आणि विरलेला मध्य बाहेर न्यायचा. दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर शिधापत्रिकेचे निर्बंध आले आणि ते १९४९ पर्यंत टिकले. त्या काळात घरोघरी अशाच युक्तीने चादरींचे आयुष्य वाढवले जात असे. मात्र ही युक्ती वापरण्यासाठी टंचाईच हवी असे मुळीच नाही.

चादर कात्रीने न कापता फाडली. साध्या विणीचे सुती कापड धाग्याच्या रेषेत अगदी सरळ फाटते. कात्रीने एवढ्या लांबीवर रेषा सरळ ठेवणे कठीण असते. सुरुवातीला दोन बोटांएवढी चीर द्यायची, दोन्ही बाजू घट्ट धरायच्या आणि एका दमात ओढायचे. फाडताना कापड मध्येच आडवे गेले, तर त्या भागात जीव उरलेला नाही हेही तिथेच कळते.

हिशेब असा बसला. चादरीची रुंदी २२० सेंटीमीटर होती, म्हणजे प्रत्येक अर्धा ११० सेंटीमीटरचा झाला. दोन्ही अर्ध्यांच्या विरलेल्या कडेवरून १० सेंटीमीटरची पट्टी काढून टाकली. चांगल्या कडा एकमेकींवर एक सेंटीमीटर चढवून जोडल्या आणि बाहेरच्या नव्या कडांना प्रत्येकी दोन सेंटीमीटर दुमडपट्टी दिली. तयार चादर १९५ सेंटीमीटर रुंद झाली. दीड मीटर रुंदीच्या गादीवर ती दोन्ही बाजूंना जेमतेम खोचता येते.

मधल्या जोडाबद्दल अधिक लिहायला हवे, कारण चादर सुखाची होणार की टोचणारी हे त्यावरच ठरते. नेहमीप्रमाणे दोन कडा उलट्या बाजूने जोडून शिवण उघडली, तर पाठीखाली एक उंचवटा येतो. मात्र मूळ कापडाच्या विणलेल्या काठाचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे काठ दुमडण्याची गरजच पडत नाही. एक काठ दुसऱ्यावर सपाट ठेवून, दोन्ही बाजूंनी अगदी कडेला अशा दोन समांतर टिपा मारल्या. बोट फिरवले तर जोड लागतो, पण झोपल्यावर जाणवत नाही. मोठ्या गादीवर तर तो दोन माणसांच्या मधोमध येतो, म्हणून हे काम रुंद चादरीवरच करावे असे माझे मत आहे. अरुंद चादरीचा जोड नेमका पाठीखाली येतो. लवचीक कडेच्या, गादीवर चढवायच्या चादरींना ही युक्ती लागू पडत नाही, कारण त्यांचे कोपरे शिवलेले असतात. मोठ्या नक्षीच्या चादरीत जोडावर फुले अर्धी तुटतात. ज्यांना ते खटकते त्यांनी साधी किंवा उभ्या रेघांची चादर निवडावी.

१४ जानेवारी

दोन सदऱ्यांच्या कॉलर उलटवल्या. कॉलर दुमडीवर घासून फाटते, पण तिची खालची बाजू शाबूत असते. गळ्याच्या उभ्या पट्टीतून कॉलर उसवून, उलटी करून त्याच फटीत पुन्हा बसवली आणि जुन्याच रेषेवर टीप मारली. उसवण्यापूर्वी कॉलरचा मध्य आणि पट्टीचा मध्य खडूने खुणावून घ्यावा, नाहीतर एक टोक लांब येते. कॉलरच्या टोकांना काजे असतील किंवा खालच्या बाजूला कडक पट्ट्या सरकवण्याचे खिसे असतील, तर उलटवल्यावर ते वर दिसतात, म्हणून असे सदरे वगळले.

१८ जानेवारी

जीन्सचे कापड तिरकस विणीचे असते. त्याचे उभे धागे निळे रंगवलेले आणि आडवे धागे पांढरे असतात. विणीत उभे धागे वरच्या बाजूला जास्त येतात म्हणून कापड बाहेरून निळे आणि आतून फिकट दिसते. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, ती बाहेरच्या थरात राहते. त्यामुळे घासले जाईल तेथे पांढरा गाभा उघडा पडतो. पुनर्वापर करणाऱ्याला हा रंग म्हणजे आयता नकाशाच आहे : जेवढा भाग पांढुरका, तेवढी झीज जास्त. मुद्दाम फिकट करून विकल्या जाणाऱ्या जीन्सच्या बाबतीत मात्र रंगावर विसंबता येत नाही; तेथे अंगठ्यांची परीक्षाच करावी.

गुडघे, मांड्यांची आतली बाजू, बैठक आणि घोट्याजवळची कड हे भाग बाद केले. पोटरीमागचा भाग, मांडीची बाहेरची बाजू, कमरपट्टा आणि मागचे खिसे उत्तम अवस्थेत होते. पोटरीमागच्या पट्ट्या साधारण २० सेंटीमीटर रुंद निघाल्या. अशा दोन पट्ट्या शेजारी जोडून पिशवीची एक बाजू केली. तळाला शिवण येऊ नये म्हणून पट्ट्यांची लांबी पुढच्या बाजूवरून तळाखालून मागच्या बाजूपर्यंत सलग ठेवता आली असती, तर बरे झाले असते, परंतु गुडघ्याखाली तेवढी लांबी मिळत नाही. म्हणून दोन्ही बाजू तळाशी दुमडशिवणीने जोडल्या. ती शिवण दुहेरी असल्यामुळे भार चांगला पेलते.

बंद जोडण्याच्या जागी चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारली. सामानाचा भार एका रेषेवर न पडता चौकोनभर विभागला जावा, हा त्यामागचा हेतू आहे. जीन्सच्या खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रिवेट असतात, त्याही याच कारणाने : ताण जेथे एकवटतो तेथे शिवण उसवते. कापडी विजारींना अशा रिवेट लावण्याचे एकस्व जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना अमेरिकेत २० मे १८७३ रोजी मिळाले. खिसे रिवेटसकट कापून पिशवीच्या आतल्या बाजूला लावले. रिवेटवर सुई आदळू नये म्हणून तिच्या अलीकडे थांबून, चाक हाताने फिरवत टाके घेतले.

मशीनवर १०० क्रमांकाची सुई लावली होती. जाड शिवणीवर चढताना मशीनचा पाय, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग, मागे कलतो आणि टाके चुकतात. अशा वेळी पायाच्या मागच्या बाजूखाली त्याच जाडीची कापडाची घडी सरकवली की पाय सपाट राहतो आणि सुई विनातक्रार चालते. ढिगातील एक जीन्स ताणली जाणारी निघाली. तिच्यात लवचीक धागा असतो, त्यामुळे भार पडताच पिशवी खाली लोंबते. तिचे कापड मशीनच्या आवरणासाठी बाजूला ठेवले.

२४ जानेवारी

गरम भांडी धरण्याची फडकी. बाहेर जीन्सचे कापड आणि आत सुती टॉवेलचे दोन थर, अशी रचना केली. टॉवेलच्या फासांमध्ये अडकलेली हवा उष्णता हळू वाहून नेते, म्हणून तो कामाचा. हेच फडके ओले असेल तर हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता पुढे ढकलते. ओल्या फडक्याने तापलेले भांडे धरले की चटका बसतो तो यामुळे. चारही थर एकत्र राहावेत म्हणून आडव्या-उभ्या टिपा मारल्या, पण त्या पाच-सहा सेंटीमीटर अंतरावर ठेवल्या. दाट टिपांनी फडके देखणे दिसते खरे, मात्र आतली हवा दबते आणि वस्तूचा उपयोगच कमी होतो.

टॉवेल शिवताना त्याचे फास मशीनच्या पायाच्या टोकात अडकतात. वर पातळ कागद ठेवून कागदासह टीप मारली आणि नंतर कागद ओढून काढला. टांगण्यासाठी जीन्सच्या कमरेचे पट्टा अडकवण्याचे फास वापरले.

२७ जानेवारी

फडक्यांच्या कडांना गोट हवा होता. त्यासाठी सदऱ्याच्या पाठीतून ३० सेंटीमीटरचा चौकोन काढून उरेब पट्टी केली. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ताणले जात नाही, पण ४५ अंशांच्या तिरक्या दिशेने ताणले जाते, म्हणूनच उरेब पट्टी गोलाईवर चुणी न पडता बसते. किती पट्टी निघेल याचा अंदाज क्षेत्रफळावरून येतो : ३० गुणिले ३० म्हणजे ९००, त्याला पट्टीच्या ४ सेंटीमीटर रुंदीने भागले तर २२५ सेंटीमीटर. जोडांमध्ये आणि कोपऱ्यांत जाणारे कापड वजा केले तरी दोन मीटरच्या आसपास पट्टी हाती लागते. एवढ्याशा तुकड्यातून इतकी लांबी निघते हे दर वेळी नव्याने नवल वाटते.

२ फेब्रुवारी

टी-शर्टांचे पायपुसणे. टी-शर्टचे कापड विणकामासारखे फासांचे असल्यामुळे त्याची आडवी पट्टी कापून ओढली की ती कडांनी आत वळते आणि गोल दोरीसारखी होते. तिच्या कडांतून धागे सुटत नाहीत. बगलेखालील भाग घेऊन अडीच सेंटीमीटरच्या पट्ट्या गोल-गोल, एकसलग कापल्या. ज्या टी-शर्टला बाजूची शिवण नसते तो यासाठी उत्तम, कारण शिवण असेल तेथे दोरीला गाठीसारखा फुगवटा येतो. छापील चित्राचा भाग वगळला. त्यावरचा रंग कडक असतो आणि पट्टी वळत नाही.

तीन दोऱ्यांची वेणी घातली आणि ती मध्यापासून चकलीसारखी गुंडाळत हाताने शिवली. वळणावर वेणी जरा सैल सोडावी लागते. बाहेरच्या फेऱ्याचा परीघ आतल्यापेक्षा मोठा असतो. वेणी ताणून शिवली तर कड वर उचलली जाते आणि पायपुसण्याची वाटी होते. म्हणून काम हातात धरून न करता टेबलावर सपाट ठेवून केले.

फरशीवर असे पायपुसणे घसरते आणि ओल्या पायांखाली ते धोक्याचे आहे. सायकलची निकामी ट्यूब उभी चिरून, आतली भुकटी धुऊन, तिच्या पट्ट्या खालच्या बाजूला शिवल्या. व्हिनाइलच्या फरशीवर रबराचे डाग कायमचे पडू शकतात; तेथे हा उपाय करू नये.

८ फेब्रुवारी

स्वेटर दोन होते. लोकरीचा स्वेटर कसरीने ठिकठिकाणी खाल्लेला असल्यामुळे त्याचा नमदा, म्हणजे तंतू गुंतून एकजीव झालेले जाड कापड, करायचे ठरवले. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणे यांमुळे तंतू एकमेकांत सरकून खवल्यांनी अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. लोकरीचा कपडा चुकून गरम पाण्यात धुतला की आटतो तो याच कारणाने. येथे तेच मुद्दाम घडवून आणायचे होते. यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर मात्र नमदा होत नाही, म्हणून आधी एका बाहीवर पाहून घेतले. फासांची वीण दिसेनाशी झाली की काम झाले असे समजावे. असा नमदा कापला तरी उसवत नाही. खुर्च्यांच्या पायांसाठी त्याच्या गोल चकत्या काढल्या आणि दुहेरी थर करून चिकटवल्या.

दुसरा स्वेटर ॲक्रिलिकचा होता. तो उसवून दोरा परत मिळवता येईल का, हे त्याच्या बाजूच्या शिवणीवरून कळले. तुकडे आकारात विणून जोडलेले असतील तर कडा साखळीसारख्या दिसतात आणि दोरा सलग निघतो. येथे ओव्हरलॉकची शिवण दिसली, म्हणजे विणलेले कापड कापून स्वेटर शिवला होता. अशातून दर ओळीला एक तुटका तुकडाच हाती येतो. तो तसाच उशीच्या आतील भरणात गेला.

१२ फेब्रुवारी

छत्रीचे कापड पाणी अडवते ते त्यावरील पातळ लेपामुळे. हा लेप जुना झाला की चिकट होतो आणि सुटू लागतो. तसे असेल तर कापडावर श्रम घालवू नयेत. येथे लेप ठीक होता. दोन पाळ्या जोडून ओले कपडे ठेवण्याची थैली केली. या कापडात टाचणीचे भोक भरून येत नाही, त्यामुळे टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावले.

१७ फेब्रुवारी

उरलेल्या चिंध्या उशीत भरल्या. चिंध्या दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत बारीक कापल्याशिवाय गाठी होतात, आणि बारीक कापल्या तरी उशी कापसाच्या उशीपेक्षा बरीच जड होते. डोक्याखाली ती नको. दार अडवायला किंवा जमिनीवर बसायला ठीक आहे. सुती चिंध्या ओल धरतात, म्हणून आतली पिशवी एका बाजूने हातशिलाईने बंद केली, जेणेकरून ती सोडून भरण उन्हात घालता येईल.

काही गोष्टी करायच्या नाहीत असेही ठरले. काचेच्या बरण्यांवर रंगकाम करण्याचा बेत सोडला, कारण स्वच्छ बरणी पुन्हा बरणी म्हणूनच सर्वाधिक उपयोगी पडते. खाण्याचे तेल आणि खाण्याचा सोडा एकत्र करून चोळल्यावर लेबलाचा डिंक निघाला आणि गुंड्या, चेन, आकडे यांना घरे मिळाली. मोजे आणि अंतर्वस्त्रांतील लवचीक पट्ट्यांचा ताण संपला होता, त्या फेकल्या. त्या साठवून ठेवण्याला काटकसर म्हणता येत नाही.

५ एप्रिल

वापरानंतरची तपासणी. चादर अनेकदा धुऊन झाली. मधला जोड पक्का आहे, मात्र एका बाहेरच्या कडेला दुमडपट्टीलगत कापड विरू लागले आहे. त्या बाजूची आणखी पाच सेंटीमीटर पट्टी काढून नवी दुमड घालावी लागेल. फडकी उत्तम चालली आहेत. पायपुसणे वाळायला फार वेळ घेते, आणि घरात एकच असल्यामुळे ते वाळेपर्यंत जागा रिकामी राहते. दुसरे करताना वेणी अधिक पातळ, दोन सेंटीमीटरच्या पट्ट्यांची घ्यायची आहे. नमद्याच्या चकत्यांपैकी घासून सपाट झालेल्या बदलल्या. पिशवीचे बंद आणि चौकोनी टिपा जशाच्या तशा आहेत, पण तळाच्या दोन्ही कोपऱ्यांवर निळा रंग जाऊन पांढरा गाभा दिसू लागला आहे. त्या कोपऱ्यांना आतून दुसरा थर लावण्यासाठी कमरपट्ट्याचे दोन तुकडे कापून ठेवले आहेत.